लांबच्या सागरसफरीत शिडाच्या यॉटवरचे दिवस: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

कॅनरी बेटांहून अटलांटिक ओलांडून कॅरिबियनला शिडाच्या यॉटने जायचं तर वाट साधारण २,७०० सागरी मैलांची. बारा मीटर लांबीची यॉट व्यापारी वाऱ्यांवर पाच-सहा नॉट वेगाने चालते. म्हणजे ताशी नऊ ते अकरा किलोमीटर, माणूस रमतगमत धावतो तेवढा वेग. चोवीस तासांत १२० ते १४५ मैल होतात, आणि एकूण हिशेब जवळपास तीन आठवड्यांवर जातो. या तीन आठवड्यांत यॉट कुठेही थांबत नाही. भर समुद्रात पाणी हजारो मीटर खोल असतं, नांगर टाकायची सोयच नाही. त्यामुळे रात्रंदिवस कोणीतरी जागं असावं लागतं आणि बाकीच्यांनी तेवढ्या वेळात झोपून घ्यावं लागतं.

पहिल्यांदा निघालेले लोक हटकून वादळाबद्दल विचारतात. त्याची तयारी हवीच. पण मी ज्या सफरी बिघडताना पाहिल्या, त्या बहुतेक थकव्याने बिघडल्या. दोन रात्री नीट न झोपलेला माणूस रोजचाच दोर चुकीच्या बाजूने गुंडाळतो, दिव्याचा रंग चुकीचा वाचतो, क्षुल्लक गोष्टीवरून चिडतो. म्हणून पाणी, डिझेल आणि वीज यांच्याइतकीच झोपही यॉटवर मोजूनमापून वापरायची शिल्लक आहे, असं धरून चाला. पुढे जे सांगतोय त्यातलं बरंचसं या शिल्लकीसाठीच आहे.

निघायच्या आधी

एक-दोन दिवस आधी यॉटवर राहायला जा आणि आपला बंक, म्हणजे झोपायची जागा, कोणता ते विचारून घ्या. समुद्रात झोपायला उत्तम जागा यॉटच्या मधोमध आणि खालच्या बाजूला. पुढच्या टोकाची केबिन बंदरात ऐसपैस वाटते, पण लाटांवर ती जागा सतत वर-खाली आपटते, तिथे डोळा लागत नाही. बंकच्या मोकळ्या बाजूला एक जाड कापड वर ताणून बांधतात, त्याला ली-क्लॉथ म्हणतात. यॉट कलंडली तरी तुम्ही त्या झोळीत अडकून राहता, पडत नाही. ते बांधायचं कसं आणि आतून सोडायचं कसं, हे धक्क्याला लागलेले असतानाच दोन-तीनदा करून बघा, डोळे मिटूनही.

सामान मऊ पिशवीत आणा, कडक सुटकेस ठेवायला जागा नसते. कपड्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी वेगळा ठेवा आणि तो अंगावर असताना डेकवर पाऊल टाकू नका. खाऱ्या पाण्यात भिजलेला कपडा उन्हात वाळला असं वाटतं, पण त्यात राहिलेलं मीठ हवेतला ओलावा शोषून घेतं आणि रात्री तो पुन्हा दमट होतो. असे कपडे बंकमध्ये शिरले की अंथरूण सफर संपेपर्यंत चिकट राहतं. लाल प्रकाश देणारा डोक्यावरचा दिवा प्रत्येकाकडे स्वतःचा हवा.

सामान लावताना एकच कसोटी ठेवा: यॉट एका बाजूला तीस अंश कलंडली, आणि मग लगेच दुसऱ्या बाजूला, तर ही वस्तू जागेवर राहील का? माझ्या एका सफरीत बंकमागच्या कप्प्यातून रात्रभर आवाज यायचा. टक्, मग घरंगळल्याचा आवाज, पुन्हा टक्. दर सहा-सात सेकंदांनी. दुसऱ्या रात्री तिघांची झोप गेल्यावर आम्ही तो कप्पा पूर्ण उपसला. तळाशी एकच डबा निघाला, दोन फळ्यांच्या मधल्या चार बोटांच्या जागेत फिरत होता. त्या फटीत एक मोजा कोंबला आणि आवाज बंद झाला. तेव्हापासून धक्का सोडण्याआधी मी प्रत्येक कप्प्याला हाताने हिसका देऊन कान लावतो.

पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच सोडा, त्यांच्या घड्यांमधून झुरळं आणि त्यांची अंडी आत येतात. खालच्या कप्प्यात ठेवायच्या डब्यांवरची कागदी लेबलं काढून नावं मार्करने लिहा. ओलाव्याने सुटलेले कागद बिल्जमध्ये, म्हणजे यॉटच्या तळाशी जिथे पाणी साचतं तिथे, जातात आणि पंप तुंबवतात. अंडी कधीही फ्रिजमध्ये न ठेवलेली आणि न धुतलेली मिळाली तर घ्या. दर एक-दोन दिवसांनी उलटी केली तर ती काही आठवडे टिकतात. कोबी चांगला टिकतो, मात्र कापण्याऐवजी वरून एकेक पान काढत जा. कांदे-बटाटे वेगवेगळ्या जाळ्यांमध्ये, वारा लागेल असे टांगा. केळ्यांचा अख्खा घड घेतला तर सगळी केळी एकदम पिकतात, तेव्हा जपून.

पहिले तीन दिवस

बोट कोणालाही लागू शकते, वर्षानुवर्षं समुद्रावर असलेल्यालाही. डोळे सांगतात की केबिन स्थिर आहे, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की सगळं हलतंय; या विसंगतीने मळमळतं. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत रुळतं. गोळी घेणार असाल तर निघण्याआधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. कोणती गोळी ते डॉक्टरांना विचारा आणि आधी जमिनीवर घेऊन बघा, कारण काहींना तिने फार गुंगी येते.

मळमळायला लागलं की दोनच जागा चांगल्या: कॉकपिटमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या बैठकीत, क्षितिजाकडे बघत, शक्यतो सुकाणू हातात धरून, नाहीतर बंकमध्ये आडवं, डोळे मिटून. मधली अवस्था वाईट, म्हणजे खाली वाकून पिशवीत काहीतरी शोधणं किंवा नकाशा वाचत बसणं. थोडं कोरडं खा, पाणी घोटघोट प्या. उलटी बादलीत करा. कठड्यावर ओणवं होऊन उलटी करताना माणूस समुद्रात जाऊ शकतो. दिवसभर पाणीही पोटात टिकलं नाही तर स्किपरला, म्हणजे यॉटच्या कप्तानाला, स्पष्ट सांगा; शरीरातलं पाणी कमी होणं ही खरी आजाराची गोष्ट आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. या तीन दिवसांचं जेवण बंदरातच शिजवून ठेवलेलं असावं, फक्त गरम करायचं.

हार्नेसची, म्हणजे यॉटला बांधून ठेवणाऱ्या अंगातल्या पट्ट्याची, सवयही याच दिवसांत हाडीमाशी भिनली पाहिजे. केबिनच्या पायऱ्यांवर उभं असतानाच, बाहेर येण्याआधी, पट्ट्याचा हूक अडकवायचा. आणि आत शिरून पाय खालच्या पायरीवर टेकल्यावरच काढायचा. डेकवर पुढून मागे दोन्ही बाजूंना मजबूत पट्टे ताणलेले असतात, पुढे जाताना हूक त्या पट्ट्यावर सरकत येतो. सहा नॉटने चाललेली यॉट एका मिनिटात सुमारे १८५ मीटर पुढे जाते. लाटांमध्ये माणसाचं डोकं एवढ्या अंतरावरून दिवसाही दिसेनासं होतं, रात्रीचं तर विचारूच नका. रात्री कॉकपिट सोडून पुढे जायची वेळ आली तर आधी कोणाला तरी उठवा. झोप मोडायला हे कारण पुरेसं आहे, आणि ज्याची झोप मोडली त्याने कुरकुर करायची नाही.

पाळ्या

दोघंच असतील तर रात्री तीन तास जागायचं आणि तीन तास झोपायचं, असं चालतं. तिघं असतील तर तीन तास पाळी, सहा तास मोकळे. यात माणूस बऱ्यापैकी ताजा राहतो. वेळा एकदा ठरल्या की बदलू नका. शरीराला तुकड्यातुकड्यांत झोपायची सवय व्हायला तीन-चार दिवस लागतात, आणि वेळा हलल्या की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना दर १५ रेखांशांना स्थानिक वेळ एक तासाने मागे पडते; म्हणून नोंदवही सरळ जागतिक वेळेत ठेवा आणि जेवणाचं घड्याळ अधूनमधून सरकवा.

टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम प्रत्येक जहाजाला लागू आहे: डोळ्यांनी आणि कानांनी सतत नजर ठेवायची. यामागचं गणित समजून घ्या. समोरून मालवाहू जहाज २० नॉटने येतंय, तुमची यॉट पाच नॉटने चालली आहे, म्हणजे अंतर २५ नॉटने कमी होतंय. त्याचे दिवे आठ मैलांवर दिसले तर तुमच्याकडे वीस मिनिटंही नाहीत. म्हणून बसल्या बसल्या समोर पाहणं पुरत नाही. स्वयंपाकघरातला टायमर दहा मिनिटांवर लावून खिशात ठेवा, वाजला की उभे राहा आणि सावकाश पूर्ण गोल फिरून क्षितिज बघा. मागची बाजू बघायला माणसं विसरतात. वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूच्या क्षितिजाचा मोठा तुकडा पुढचं शीड झाकून ठेवतं, तिथे वाकून बघावं लागतं. एआयएसचा, म्हणजे आसपासच्या जहाजांची जागा आणि दिशा दाखवणाऱ्या यंत्राचा, अलार्म फार उपयोगी आहे, पण छोट्या मासेमारी बोटींवर ते यंत्र बऱ्याचदा नसतं.

दिवा दिसला की हातातल्या होकायंत्राने त्याची दिशा घ्या आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. दिशा बदलत असेल तर तो पुढून किंवा मागून निघून जाईल. दिशा तीच आणि दिवा मोठा होतोय, तर तुम्ही टक्करीच्या रेषेत आहात. स्किपरला उठवा आणि व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर त्या जहाजाला हाक द्या. उठवू की नको असा प्रश्न मनात आला की उठवायचंच. चांगला स्किपर नुसत्या शंकेसाठी उठवल्याबद्दल कधीही रागवत नाही.

पुढच्या माणसाला पंधरा-वीस मिनिटं आधी उठवा. पूर्ण कपडे, हार्नेस, हातात गरम काहीतरी, एवढं सगळं डुलत्या केबिनमध्ये करायला वेळ लागतो, आणि डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. म्हणूनच आत लाल दिवा वापरतात. पांढरा दिवा एकदा चुकून लागला की ही सगळी मिनिटं वाया. पाळी सोपवताना दिशा, वारा, कोणती शिडं किती उघडी आहेत, आसपासची जहाजं आणि काही खटकलेलं असेल तर ते, एवढं बोला. मग सरळ बंकमध्ये जा, फोन उघडू नका.

नोंदवहीत दर तासाला जागा, दिशा, वेग, वारा, वायुदाब, बॅटरीचे व्होल्ट आणि बिल्जमधलं पाणी लिहा. उष्ण कटिबंधात वायुदाब दिवसातून दोनदा थोडा चढतो आणि दोनदा उतरतो; सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, चारच्या सुमारास कमी. त्यामुळे आताचा आकडा तासाभरापूर्वीच्या आकड्याशी न ताडता कालच्या याच वेळेच्या आकड्याशी ताडा. तिथे फरक दिसला तर लक्ष द्यायला हवं.

अंधार पडण्याआधी शीड थोडं आवरून घ्या, म्हणजे रीफ करा. थोडा वेग जातो, पण रात्री दोन वाजता सगळ्यांना उठवून डेकवर पाठवावं लागत नाही. ज्या क्षणी ‘रीफ करावं का’ असं वाटलं, तीच रीफ करायची वेळ असते. रात्री वादळी सर येते तेव्हा आधी क्षितिजावरचा ताऱ्यांचा एक तुकडा पुसला जातो. मग गार झोत अंगावर येतो, आणि त्यामागोमाग खरा वारा. तारे नाहीसे होताना दिसले की तेवढा वेळ हातात असतो.

रात्रपाळीचं एवढं ऐकून कोणी घाबरू नये. चंद्र नसलेल्या रात्री यॉटच्या मागे पाण्यात हिरवट उजेडाची रेघ उमटत जाते. सूक्ष्म जीवांना धक्का लागला की ते चमकतात. त्यातून डॉल्फिन आले तर अंग दिसत नाही, फक्त उजेडाच्या वळणदार रेषा यॉटखालून सुसाट जातात आणि नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, फुटतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पुढच्या माणसाला उठवायला अर्धा तास उशीर केला होता. त्यालाही ते पाहायला मिळायला हवं होतं, याची चुटपुट आजही आहे.

स्वयंपाक आणि पाणी

शेगडी झुल्यावर असते, यॉट कलंडली तरी ती समपातळीत राहते. भांडी चिमट्यांनी अडकवलेली असतात. तरीही यॉटवरची गंभीर दुखापत बरेचदा उकळत्या पाण्यानेच होते. म्हणून गरमीतही पावसाळी पँट घालून स्वयंपाक करा, ती भाजण्यापासून वाचवते. शेगडीच्या बरोबर समोर न राहता बाजूला उभे राहा. कप हातात धरून त्यात गरम चहा ओतू नका. कप सिंकमध्ये ठेवा आणि तिथे ओता, सांडला तरी सिंकमध्येच सांडेल. झाकण घट्ट लागणारा प्रेशर कुकर इथे सर्वांत भरवशाचं भांडं, उलटला तरी आतलं अंगावर येत नाही. जेवायला ताटं नकोत, खोलगट वाडगे घ्या. गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर बिल्जमध्ये साचतो, म्हणून प्रत्येक वेळी स्वयंपाक झाल्यावर सिलिंडरचा वाल्व बंद झालाच पाहिजे.

दिवसातून एकदा, सूर्य मावळण्याआधी, सगळ्यांनी कॉकपिटमध्ये एकत्र गरम जेवायचं. पाळ्यांमुळे एरवी माणसं एकमेकांना ओझरतीच भेटतात. कोण गप्प झालंय, कोणाचे डोळे ओढलेत, हे या जेवणातच कळतं. रात्रपाळीसाठी खाऊचा डबा वेगळा, हाताला लागेल असा ठेवा.

पिण्या-शिजवण्याला माणशी रोज चार लिटर धरले तर तिघांना २१ दिवसांत २५२ लिटर लागतात. त्यावर भरपूर जास्तीचं घ्या, आणि सगळं एकाच टाकीत भरू नका. एक टाकी गळाली किंवा पाणी नासलं तरी दुसरी शाबूत राहते. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असलं तरी ते बंद पडेल असं धरूनच हिशेब करा. भांडी आणि अंघोळ समुद्राच्या पाण्याने, शेवटी एक मग गोडं पाणी. अंगावर मीठ राहू देऊ नका. ओल्या पँटने तासन्‌तास बसलं की बैठकीच्या जागी फोड येतात आणि ते बंकमध्येही झोपू देत नाहीत.

शौचालय सगळ्यांनी बसूनच वापरायचं, आणि वापरून झाल्यावर वाल्व बंद. प्लास्टिक समुद्रात कुठेही टाकायला मार्पोल या सागरी प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराने पूर्ण बंदी आहे, दोराचा तुकडासुद्धा नाही. धुऊन, कापून, पिशवीत दाबून किनाऱ्यापर्यंत न्या.

सकाळची फेरी

उजाडलं की एकाने पूर्ण डेकवर फिरून यायचं. आधी रात्री डेकवर पडलेले उडते मासे उचला, मग दोर बघा. लांबच्या सफरीत यॉटचा खरा शत्रू घर्षण आहे. एकच वारा आठवडाभर एकाच बाजूने वाहतो, दोर एकाच ठिकाणी हजारो वेळा घासतो. आमच्या पुढच्या शिडाचा दोर, शीड बाहेर ताणून धरणाऱ्या पोलच्या टोकातून जायचा तिथे, तिसऱ्या सकाळी हाताला केसाळ लागला. वरचं वेष्टण जवळजवळ तुटलं होतं आणि आतला पांढरा गाभा डोकावत होता. त्या दिवसापासून रोज सकाळी आम्ही तो वितभर सरकवला, म्हणजे घासणारी जागा रोज नवी. हा दोर रात्री तुटला असता तर सगळ्यांची रात्र गेली असती. डेकवर सुटा स्क्रू किंवा पिन सापडली तर ती खिशात टाकून विसरू नका. कुठून पडली हे शोधल्याशिवाय फेरी संपत नाही. बूम, म्हणजे मोठ्या शिडाच्या खालचा आडवा दांडा, अचानक दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून पुढे ताणलेला दोरही हाताने चाचपा.

मग वीज. ऑटोपायलट आणि फ्रिज सर्वांत जास्त खातात. ऑटोपायलट बंद पडला तर कोणालातरी सतत सुकाणू धरावं लागतं आणि झोपेचं सगळं वेळापत्रक कोसळतं, म्हणून वीज कमी पडू लागली की आधी फ्रिज सोडा. वाऱ्याच्या जोरावर सुकाणू सांभाळणारं विंडवेन असेल तर ते शिकून घ्या, त्याला वीज लागतच नाही. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला दर्यावर्दी जोशुआ स्लोकम याने १८९७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेच्या थर्सडे बेटापासून हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांपर्यंतचे २,७०० मैल २३ दिवसांत कापले. त्याच्याच सांगण्यानुसार त्यात तो सुकाणूवर जेमतेम तीन तास होता. त्याच्याकडे असं कुठलंच यंत्र नव्हतं. त्याचं ‘स्प्रे’ गलबत शिडं नीट जुळवली की सुकाणू बांधूनही सरळ चालायचं. तुमच्या यॉटचीही शिडं आधी नीट जुळवा, ऑटोपायलटला काम कमी पडेल.

पहिल्या आठवड्यानंतर एक कंटाळवाणा उतार येतो. नवलाई संपलेली, किनारा दूर. कोणाचं काही खटकलं तर त्याच दिवशी, जेवणानंतर, शांतपणे सांगून टाका. कोणी हेडफोन लावून नाळेपाशी बसलं असेल तर त्याला तिथे बसू द्या.

किनारा दिसतो तेव्हा

शेवटच्या दोन दिवसांत सगळे आतुर असतात आणि सगळे थकलेले असतात. अनोळखी बंदरात रात्री शिरू नका. वेळ आधीच मोजा. अंधारात पोहोचणार असाल तर आदल्या दिवशीच शीड कमी करा, किंवा किनाऱ्यापासून पुरेशा दूर, मोकळ्या पाण्यात यॉट जवळपास जागच्या जागी तरंगत ठेवा आणि उजाडायची वाट बघा. या रात्री मासेमारी बोटी आणि जहाजं दोन्ही वाढतात, पाळीला शक्यतो दोघं राहा.

परदेशी बंदरात शिरताना पिवळा झेंडा चढवा आणि तिथल्या अधिकाऱ्यांची परवानगी होईपर्यंत यॉटवरच थांबा. बहुतेक ठिकाणी तोवर फक्त स्किपरला कागदपत्रं घेऊन उतरता येतं. नांगर टाकला की तो सरकतोय का हे कळायला किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवा, एखादं झाड आणि त्यामागचं छप्पर चालेल, आणि रात्रीसाठी दोन दिवेही हेरून ठेवा. पहिल्या रात्री तुमच्या पाळीच्या वेळेला डोळे आपोआप उघडतील. उठा, बाहेर येऊन ते दोन दिवे अजून एका रेषेत आहेत का तेवढं बघा आणि परत जाऊन झोपा.